पडवळाच्या गाठीतला काचपंखी: नागपुरात हा पतंग शोधायचा कसा

पतंग बघायचे म्हणजे रात्री गच्चीवर पांढरी चादर ताणायची, समोर दिवा लावायचा आणि बसून राहायचं, असंच आपण सगळे शिकतो. मीही दोन पावसाळे गोरेवाड्याच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या गच्चीवर तेच केलं. चादरीवर शेकडो पतंग आले, पण ज्याच्यासाठी बसले होते तो काचपंखी एकदाही आला नाही. तो दिवसा, चांगल्या उन्हात उडणारा पतंग आहे. दिव्यावर तो क्वचितच येतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. तुमची वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काचपंखी म्हणजे सेसिइडी कुळातले पतंग. जगात त्यांच्या सुमारे दीड हजार जाती आहेत. पंखांच्या मोठ्या भागावर खवले नसल्यामुळे पंख काचेसारखे आरपार दिसतात. अंगावर पिवळे-काळे किंवा तांबडे पट्टे असतात आणि उडताना गुणगुण ऐकू येते. एकूण रूप गांधीलमाशीचं किंवा मधमाशीचं. नांगी मात्र अजिबात नाही. डंख मारणाऱ्याचा वेश घेतला की पक्षी वाटेला जात नाहीत, ही युक्ती इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून १८६२ साली मांडली. काचपंखीत ती इतकी पक्की उतरली आहे की पक्ष्यांसोबत माणसंही फसतात.

तो किती कमी नोंदला जातो याचं एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. हेटेरोस्फेशिया टावोनॉइडिस नावाच्या काचपंखीचा एकच नमुना १८८७ साली सुमात्रात मिळाला होता आणि तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात पडून होता. त्यानंतर थेट २०१३ साली पोलंडच्या कीटक-अभ्यासक मार्टा स्कोव्रोन व्होल्पोनी यांना तो मलेशियात, नदीकाठी, भर दिवसा जिवंत दिसला. मधली सव्वाशे वर्षं कोणाकडे त्याची नोंद नाही. आपल्याकडेही हे पतंग असेच नजरेतून सुटतात. म्हणून मी उडणाऱ्या पतंगाच्या मागे धावणं सोडलं आणि त्याच्या अळीचं घर शोधायला लागले. काचपंखींच्या अळ्या झाडाच्या खोडात, मुळात, वेलाच्या देठात पोखरून राहतात. त्यातली एक आपल्या परसबागेतल्या पडवळात राहते. तिचं नाव मेलिटिया युरिशन. ती शिरली की वेलाच्या देठावर गाठ येते, आणि आपण शोधायची ती हीच गाठ.

१. आधी सामान जमवा

महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. माझी पहिली तीन वर्षं मोबाइल आणि त्याला चिमट्यानं लागणारी मॅक्रो लेन्स यावर निघाली. त्याशिवाय हे लागेल:

- मोठ्या तोंडाच्या दोन-तीन पारदर्शक बरण्या (लोणच्याच्या चालतात, पण वास जाईपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा)
- मलमलचं कापड आणि रबर बँड
- धारदार ब्लेड किंवा छाटणीची कात्री
- चाळलेली बागेतली माती आणि थोडी वाळू
- कापूस आणि पाणी फवारायची लहान बाटली
- बारीक मऊ ब्रश
- वही. मोबाइलमध्ये टिपून ठेवू म्हणाल तर गाठ क्रमांक तीन कुठली हे महिन्याभरात विसराल.

एक वस्तू मात्र विकत घेऊ नका. कृषी केंद्रात कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नरांना ओढणारे) मिळतात ते पाहून मलाही वाटलं होतं की आपलं काम झालं. विदर्भात त्यातले बरेचसे कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी असतात, आणि भाजीवाले फळमाशीसाठीही लावतात. दर कीटकाचा गंध वेगळा. बोंडअळीच्या गंधाला काचपंखी येत नाही.

२. पडवळाचा वेल शोधा

वेल स्वतःच्या अंगणात असेल तर उत्तमच. नसेल तर जूनमध्ये, पहिला दमदार पाऊस झाला की, मांडवाखाली चार बिया टोचा. ऑगस्टपर्यंत वेल वर चढतो आणि बघण्याजोगं काही असलं तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसतं. जागाच नसेल तर मानेवाडा, दिघोरी, हुडकेश्वरकडच्या जुन्या घरांच्या परसात किंवा कळमेश्वर, कामठीच्या बाजूच्या भाजीच्या वाड्यांत विचारा. मला पहिली गाठ आत्याच्या अंगणात मिळाली. तिनं तर तो वेल उपटायलाच काढला होता.

वाडीत जायचं असेल तर मालकाला विचारूनच आत जा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: फवारणी कधी केली? आठ-पंधरा दिवसांत केली असेल तर परत फिरा. फवारलेल्या वेलातली अळी बहुधा मेलेलीच असते, आणि त्याहून मोठी गोष्ट तुमच्या जिवाची आहे. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विदर्भातल्या माणसांनी विसरू नये.

पावसाळ्यात कुंपणांवर चढणारं कडू रानपडवळही तपासा. त्यावर फवारणी होत नाही, हा मोठा फायदा.

३. गाठ ओळखा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे चुकतो, म्हणून सावकाश वाचा.

मेलिटियाची अळी वेलाच्या देठात शिरली की ती जागा फुगते. देठ हिरवाच राहतो, पण मध्येच बोटासारखा जाड होतो. जुन्या गाठीला कधी लहान छिद्र असतं आणि त्यातून ओल्या भुशासारखी विष्ठा बाहेर आलेली दिसते. आत सहसा एकच अळी: पांढुरकी, तपकिरी डोक्याची, पुढे तीन जोड्या खऱ्या पायांच्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या जोड्या.

पण वेलावर गाठ दिसली म्हणजे काचपंखी सापडला असं नाही. पहिल्या वर्षी मी तोंडलीच्या वेलावरच्या बारा गाठी जमवून बरणीत ठेवल्या आणि रोज सकाळी उठून बघत होते. आठवड्यानं बरणीत चिलटाएवढ्या नाजूक माश्या भरल्या. कारल्याच्या आणि तोंडलीच्या वेलांवर अशा गाठ-माश्या भरपूर असतात. त्यांची गाठ उघडली तर आत एकाहून जास्त बारीक, बिनपायाच्या, डोकं न दिसणाऱ्या अळ्या सापडतात.

दुसरा घोळ वेल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा. काकडीवर्गीय वेलांत अ‍ॅपोमेसायना नावाच्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी देठ पोखरते. तीही पांढरी, तीही तपकिरी डोक्याची. फरक पायांत. भुंगेऱ्याच्या या अळीला पाय नसतात, पतंगाच्या अळीला असतात. भिंगातून बघितलं की मिनिटभरात निकाल लागतो.

तिसरा घोळ संत्र्याच्या बागांत होतो. संत्री, बोर, पेरू, शेवगा यांच्या सालीवर रेशमी जाळी आणि भुशाचे पट्टे दिसले की काही जण काचपंखी सापडला म्हणून फोटो पाठवतात. ती इंदरबेला, साल खाणारी अळी. तीही पतंगाचीच अळी आहे, पण कूळ निराळं आणि पतंग रात्रीचा.

म्हणून माझा नियम असा: तीन-चार गाठी मिळाल्या तर एक उघडून बघायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. एकच गाठ मिळाली असेल तर ती उघडायची नाही.

४. गाठ कापू नका, पिशवी बांधा

वेल घरचा असेल तर गाठ वेलावरच राहू द्या. मलमलची बाहीसारखी पिशवी शिवा, दोन्ही तोंडं उघडी. गाठीच्या दोन्ही बाजूंना वीतभर देठ आत घेऊन ती बांधा. बांधताना देठाला कापूस गुंडाळा म्हणजे दोरी रुतत नाही आणि फटीतून मुंग्या शिरत नाहीत. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. माझी एक पूर्ण वाढलेली अळी त्यांनी एका रात्रीत संपवली. मच्छरदाणीची जाळी चालेल का, असं विचारतात. पतंगाला चालेल, पण अळीवर जगणारी परजीवी माशी निघाली तर ती जाळीच्या भोकातून पसार होईल, आणि तिचीही नोंद तितकीच मोलाची आहे.

पिशवीच्या खालच्या झोळात मूठभर ओलसर माती ठेवा. मेलिटियाची एक अमेरिकन बहीण, तिकडच्या भोपळ्याच्या वेलावरची, कोष करायला देठातून बाहेर पडून मातीत शिरते. आपलीनं तसंच ठरवलं तर तिची अडचण व्हायला नको.

वेल दुसऱ्याचा असेल आणि मालक तो काढूनच टाकणार असेल, तर मात्र कापा. गाठीच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच देठ राखा. बरणीच्या तळाशी तीन बोटं ओलसर माती-वाळू घाला, देठाचं खालचं टोक ओल्या कापसात गुंडाळून त्यावर आडवं ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. प्लास्टिकचं झाकण लावू नका. नागपूरच्या ऑगस्टच्या दमटपणात बंद बरणीत दोन दिवसांत बुरशी येते. बरणीवर चिठ्ठी हवीच: गाठ क्रमांक, वेल कोणता, कुठला, कापल्याची तारीख.

५. रोज पाच मिनिटं द्या

बरणी उन्हात ठेवायची नाही, फ्रिजवरही नाही, तिथं खालून गरम हवा लागते. दिवसाआड माती बोटानं चाचपा. हाताला ओल लागावी, पण पिळली तर पाणी निघू नये. देठ काळा पडून मऊ झाला आणि अळी अजून लहान असेल तर ताजा देठ आणून शेजारी ठेवा, ती बहुधा स्वतःच त्यात शिरते. हातानं ओढून काढू नका.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आत्या माझ्या बरण्या बघून म्हणाली होती, "अव बाई, हे सडकं कायले जमा करून राह्यली घरात?" आणि पुढच्या वर्षी तिनंच फोन केला, "ये, तुझी गाठ आली आहे वेलाले, मी हात नाही लावला." असं एक माणूस मिळालं की तुमचं निम्मं काम झालं समजा.

६. पतंग निघाला की

माझ्याकडे पूर्ण वाढलेल्या अळीच्या गाठीतून पतंग निघायला तीनेक आठवडे लागले. बहुतेक काचपंखी सकाळी निघतात, म्हणून उठल्याबरोबर आधी बरण्या बघा. कोषाची रिकामी साल अनेकदा छिद्रात किंवा मातीत अर्धी बाहेर अडकलेली दिसते. ती फेकू नका. पतंगासोबत तिचाही फोटो काढा आणि कागदी पाकिटात जपून ठेवा.

पंख ताणून वाळेपर्यंत दोन तास तरी थांबा. पहिल्याच वर्षी निघालेला पतंग दुपारी बारापर्यंत बरणीतच राहिला, काचेवर आपटून त्याच्या पंखांच्या कडा फाटल्या, आणि माझ्याकडे एकही नीट फोटो नाही. तेव्हापासून मी निघणाऱ्या प्रत्येक पतंगासाठी बाहेर जाळीचा मोकळा डबा तयार ठेवते.

फोटो हे हवेत:

- वरून, पंख पूर्ण पसरलेले
- बाजूनं, पोटाच्या पट्ट्यांसह
- मिशांची टोकं जवळून
- मागचे पाय
- पंख उजेडाकडे धरलेल्या काचेआडून, म्हणजे खवले कुठे आहेत आणि पारदर्शक भाग कुठून कुठपर्यंत जातो ते दिसेल
- काचेखालून पोटाची बाजू

फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचपंखांवर नुसता पांढरा ठिपका येतो. खिडकीजवळ, सावलीत, खाली पांढरा कागद. मोबाइल अगदी चिकटवण्यापेक्षा थोडा लांब धरून दुप्पट झूम केलं तर कडा जास्त स्पष्ट येतात. पतंग शांत बसावा म्हणून काही जण त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. मी ठेवत नाही. सकाळी लवकर तो तसाही संथ असतो.

मेलिटियाचे मागचे पाय पाहिल्यावर तुम्ही ते विसरणार नाही. त्यांवर इतके दाट केस असतात की उडताना पायाला परागांच्या पिशव्या लावलेली मधमाशीच वाटते. ग्रीकमध्ये मेलिटा म्हणजे मधमाशी. त्यावरून नावाची जुळणी कळते.

७. बाहेर दिसलेला काचपंखी खरा आहे का?

वेलाशी काम करता करता डोळे तयार होतात आणि मग अंबाझरीच्या काठावर, सेमिनरी हिल्सवर, सातपुडा बोटॅनिकल गार्डनमध्ये घाणेरीच्या आणि तुळशीच्या फुलांवर सगळीकडे काचपंखी दिसायला लागतात. त्यातले बहुतेक काचपंखी नसतात. मी ज्या क्रमानं तपासते तो असा.

आधी पंख मोजा. दोनच पंख, त्यांच्या मागे गदेसारखे दोन बारीक दांडे आणि अगदी आखूड मिशा असतील तर ती माशी. फुलांवर अधांतरी थांबणाऱ्या कितीतरी माश्या गांधीलमाशीचं सोंग घेतात.

मग कंबर आणि तोंड बघा. खऱ्या गांधीलमाशीची किंवा कुंभारमाशीची कंबर खरोखर सुतासारखी असते आणि तोंडाला चावणारे जबडे. काचपंखीची कंबर बारीक नसते. काही जातींत पोटाच्या बाजूंना फिकट डाग असतात आणि त्यामुळे लांबून ती बारीक भासते. मिशा टोकाकडे जाडसर होत जातात आणि बऱ्याच जातींत अगदी टोकाला केसांचा बारीक झुपका असतो. पुढचे पंख अरुंद, मागचे रुंद आणि जास्त पारदर्शक. आणि अंगावर खवले. खवले दिसले की पतंग नक्की.

आता पतंगांमधले दोन तोतये. पहिला अमाटा, ज्याला वास्प मॉथ म्हणतात. काळपट पंखांवर खिडक्यांसारखे पारदर्शक चौकोन, पोटावर पिवळे पट्टे, उडणं मंद, गवतावर आरामात बसलेला. हा नागपुरात पावसाळ्यात सहज दिसतो आणि नवख्यांच्या 'काचपंखी'च्या फोटोंत निम्म्याहून जास्त वेळा हाच असतो. तो निराळ्या कुळातला. त्याच्या मिशा शेवटपर्यंत दोऱ्यासारख्या बारीक.

दुसरा सेफॅनोडिस हायलास. अंगणात अनंत असेल तर त्याच्या हिरव्या, शेपटीला काटा असलेल्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतील. मोठा, जाडजूड, हिरवट पाठीचा, शेपटीला काळा झुपका, फुलासमोर हवेत थांबून लांब सोंडेनं रस पिणारा. पंख पूर्ण पारदर्शक. गंमत म्हणजे तो निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर करडे खवले असतात आणि पहिल्या उड्डाणात ते झडून जातात. हा हॉकमॉथ आहे, सेसिइडी नाही. मी त्याचा पहिला फोटो काचपंखी म्हणूनच नोंदला होता आणि एका अनुभवी अभ्यासकानं शांतपणे मिशा बघायला सांगितलं. तेव्हापासून मी आधी मिशांचा फोटो काढते.

खात्री होईपर्यंत हात लावू नका. काचपंखीला नांगी नसते हे खरं, पण तुमच्या चिमटीतला प्राणी काचपंखीच आहे हे ठरायचं असतं. पोळ्याजवळ तर मुळीच जाऊ नका, आणि डंखानंतर अंगभर गांध्या किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक दवाखाना.

८. कुठे काय करायची मुभा आहे

स्वतःच्या अंगणातला वेल, मालकाच्या परवानगीनं शेतातला वेल, इथं प्रश्न नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा यांसारख्या संरक्षित जंगलांत मात्र फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि 'एक छोटा किडा तर आहे' हे तिथं उत्तर होत नाही. अभ्यासासाठी नमुने गोळा करायचेच असतील तर लेखी परवानगी लागते. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या वन भवनात आहे. पण अर्ज एकट्यानं करण्यापेक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्र विभागामार्फत करा. सोबत हे तयार ठेवा: कामाचा हेतू आणि पद्धत एक-दोन पानांत, जागा आणि कालावधी, नमुन्यांची संख्या, ते शेवटी कुठे ठेवणार, संस्थेचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत. नमुना देशाबाहेर पाठवायचा विचार मनात असेल तर जैविक विविधता कायदा २००२ लागू होतो. विचारल्याशिवाय एक पायही कुरिअरनं पाठवू नका.

९. नोंद करा, आणि नाव लावायची घाई करू नका

आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी करायचं संकेतस्थळ आणि अॅप) सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. अॅप एखादं परदेशी नाव सुचवेल, ते स्वीकारू नका. 'सेसिइडी' एवढंच लिहा, किंवा मागचे पाय नीट दिसत असतील तर 'मेलिटिया'. जातीपर्यंत जायला बरेचदा जननेंद्रियांची तपासणी किंवा डीएनए लागतो. फोटोवरून कोणी ठामपणे जात सांगितली तर कशावरून ते विचारा.

टिपणात हे हवं: कोणत्या वेलावर, गाठ कधी मिळाली, पतंग कधी निघाला, घरी वाढवलेला आहे हे स्पष्ट. तारखा दोन्ही लिहा. पतंग सप्टेंबरच्या सकाळी तुमच्या खिडकीत निघाला म्हणजे तो त्या दिवशी तिथं रानात उडत होता असं होत नाही. घरचा पत्ता उघड व्हायला नको असेल तर ठिकाण झाकायचा पर्याय निवडा.

दरवर्षी जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. बहुतेक जण तेव्हा रात्री बसतात. तुम्ही सकाळी दहा ते एक या वेळात वेलांवर एक चक्कर मारा.

निघालेल्या पतंगाचं काय करायचं, हे वेल कोणाचा यावर ठरतं. माझ्या अंगणातला मी वेलावरच सोडते, दोन पडवळं कमी मिळाली तरी मला चालतं. शेतकऱ्याच्या वाडीतून आणलेला मात्र त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या वाडीत सोडत नाही. त्यांच्यासाठी ती कीड आहे आणि त्यांचं नुकसान खरं आहे. आपोआप मेलेला पतंग कागदी पाकिटात, डांबराच्या गोळीसह, चिठ्ठी लावून ठेवा आणि कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा.

१०. दिवाळी आली तरी काही निघालं नाही तर

बरणी रिकामी करू नका. माती हळूच ब्रशनं बाजूला सारून बघा: मातीचे कण चिकटवलेला घट्ट कोष दिसला तर तो होता तसा झाका. काही कोष थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतात. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा हलका फवारा पुरतो. मार्चनंतर खरी कसोटी. आपल्याकडचं मे महिन्याचं ४५ अंश ऊन आणि त्यावर कूलरचा सतत दमट झोत, दोन्ही कोषाला मारक आहेत. घरातली सगळ्यात थंड, कूलरपासून लांबची जागा शोधा. आमच्याकडे ती माठाच्या तिवईखाली आहे. तिथं बरणी ठेवा, फवारा पंधरवड्यावर आणा, आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मातीवर पाणी जरा जास्त शिंपडून रोज सकाळी पुन्हा बघायला लागा.